मुंबई दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम: आठवतं तेवढं इथे लिहून ठेवू या

सांजवेळ

आमच्या घरी शेती नव्हती. दादरला चाळीतल्या दोन खोल्या आणि खिडकीतली तुळशीची कुंडी, एवढीच काय ती आमची माती. तरी संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागलं की आम्ही चौघं भावंडं टीव्हीसमोर बसलेली असायचो. कपाशीचं झाड मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, पण बोंडअळी मला आठव्या वर्षापासून ओळखीची होती.

आता इतक्या वर्षांनी लक्षात येतं, त्या कार्यक्रमात आमच्याशी कुणी बोलतच नव्हतं. ते बोलत होते शेतकऱ्याशी. आम्ही शेजारी बसून ऐकत होतो. 'कामगार विश्व' गिरणी-कारखान्यातल्या माणसांसाठी होतं, ते माझी आजी बघायची. 'युवदर्शन' कॉलेजातल्या मुलांसाठी, ते वडील बघायचे. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं. वरळीच्या त्या इमारतीतून रोज संध्याकाळचे काही तास कार्यक्रम यायचे, आणि त्या थोड्या तासांत एकेका प्रकारच्या माणसाला त्याची स्वतःची जागा होती. बाकीच्यांच्या ते आपोआप कानावर पडायचं.

आज माझ्या फोनवर मला हवं तेच येतं. शेतकऱ्याचं शेतकऱ्याकडे, माझं माझ्याकडे. एकमेकांचं कानावर पडणं बंद झालंय, त्याची मला मनापासून खंत वाटते.

विनंती अशी, की नुसती नावांची यादी नको. त्या कार्यक्रमात नेमकं काय दिसायचं, कोण कसं बोलायचं, घरात कोण बघायचं, ते लिहा. त्या काळातलं फार थोडं शिल्लक आहे. टेप महाग आणि मोजक्या असायच्या, त्यामुळे त्याच टेपवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं.

रानमेवा

सांजवेळताई, आमच्याकडे खरंच शेती होती. पुण्यापासून वीसेक मैलांवर. १९७३ मध्ये सिंहगडावरून मुंबईचं प्रक्षेपण पुण्याकडे मिळायला लागलं, तेव्हा आमच्या भागातल्या सगळ्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या असायच्या. वारं सुटलं की अँटेना फिरायची आणि कुणीतरी कौलांवर चढून 'आलं का? आलं का?' म्हणून ओरडायचं.

आमच्या गावात टीव्ही एकाच घरी होता. त्यांच्या पडवीत वीस-पंचवीस माणसं जमायची. मला सगळ्यात जास्त आठवते ती भाषा. राहुरीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ 'प्रादुर्भाव' म्हणायचे, आणि समोरचा शेतकरी 'रोग पडलाय' म्हणायचा. दोघांचंही तसंच्या तसं दाखवायचे. कुणी कुणाची भाषा सुधारायला जात नव्हतं. आपल्यासारखा बोलणारा माणूस टीव्हीच्या काचेत बसलेला बघून आमच्या आबांना काय वाटलं असेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, "हा आपल्याकडचाच दिसतोय."

आबांनी कार्यक्रमाला पत्रं लिहिली होती, डाळिंबावरच्या रोगाबद्दल. उत्तर आलं की नाही आठवत नाही. पण पत्र लिहिताना ते पाटीवर आधी कच्चं लिहून घ्यायचे, ते आठवतं.

कंदील

'ज्ञानदीप' बद्दल कुणीतरी लिहिलंच पाहिजे, म्हणून मी लिहितो.

आकाशानंद निर्माते. कार्यक्रम बघून झाला की संपलं असं तिथे नव्हतं. बघणाऱ्यांनी आपापल्या भागात 'ज्ञानदीप मंडळ' काढायचं, पाहिलेल्यावर बोलायचं, त्यातलं काही करून बघायचं आणि काय केलं ते पत्राने कळवायचं. महाराष्ट्रभर अशी मंडळं होती. टीव्हीने माणसाला उठवून बाहेर पाठवायचं, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. आताचं सगळं तंत्र माणूस पडद्यासमोरून उठू नये यासाठी राबतं.

आमच्या मंडळात अकरा जण होते. त्यात एक टपाल खात्यातले, दोन शिवणकाम करणाऱ्या बायका, बाकी आम्ही शाळकरी. आम्ही चाळीच्या जिन्याखाली अभ्यासिका केली. एक बल्ब, दोन बाकं, वायरचा खर्च वर्गणीतून. दहावीला मी त्याच बल्बखाली बसलो होतो. ते पत्राने कळवलं तेव्हा मंडळाचं नाव कार्यक्रमात वाचलं गेलं, आणि त्या संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या मावशींनी सगळ्यांना साखर वाटली.

मोरपीस

'प्रतिभा आणि प्रतिमा'! सुहासिनी मुळगावकरांचा. साहित्यिक माणूस समोर बसलाय, तो बोलतोय, मध्ये विचार करायला थांबतोय आणि कॅमेराही थांबलाय. ते थांबणं आता कुठे दिसत नाही. आज कुणी चार सेकंद गप्प बसलं तर ते कापून टाकतात. माझी आई सातवी शिकलेली. मुलाखत बघून दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात जाऊन त्या लेखकाचं पुस्तक मागायची, आणि बहुतेक वेळा ते आधीच कुणीतरी नेलेलं असायचं.

'गजरा' तर आहेच. विनायक चासकरांचा. छोटी छोटी प्रहसनं, नेपथ्य म्हणजे एक टेबल, एक दार. दिलीप प्रभावळकर मी पहिल्यांदा तिथे पाहिले. नंतर त्यांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आला, तेव्हा आमच्या गल्लीत त्या वेळेला कुणी रस्त्यावर नसायचं.

बातम्या देणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या, अनंत भावे, प्रदीप भिडे. भक्ती बर्वे निवेदन करायच्या. आणि मुलांचा 'किलबिल', आणि 'संताकुकडी'. हे दोन्ही मराठी मुलांचे कार्यक्रम माझ्या भावाचे फार आवडते.

विश्वामित्री

मोरपीस, एक छोटी दुरुस्ती. 'संताकुकडी' मराठी नव्हता, गुजराती होता. संताकुकडी म्हणजे आपला लपंडाव. मुंबई केंद्रावर मुलांसाठी वेगवेगळ्या भाषांत कार्यक्रम असायचे: मराठीत 'किलबिल', गुजरातीत 'संताकुकडी', हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. मोठ्यांसाठी गुजरातीत 'आवो मारी साथे' पण होता. गंमत म्हणजे आमच्या मुंबईच्या आत्याकडची मराठी मुलं चारही बघायची.

मी वडोदऱ्याची, मराठी घरातली. आमच्या जवळ, खेडा जिल्ह्यात एक फार वेगळं केंद्र होतं आणि त्याबद्दल मराठीत कमी लिहिलं जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

पीज नावाचं एक गाव आहे. तिथे १९७५ मध्ये फक्त एक किलोवॅटचा ट्रान्समीटर बसवला आणि खेडा जिल्ह्यातल्या गावांसाठी टीव्ही सुरू झाला. तो चालवण्यात अहमदाबादचं इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर होतं. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून 'साइट' नावाचा उपग्रहाचा मोठा प्रयोग चालू झाला होता. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट अँटेना लावून टीव्ही पोचवला होता. त्या प्रयोगाचा कारभार बघणाऱ्यांत आपले एकनाथ चिटणीस होते. उपग्रहाचं वर्ष जुलै १९७६ मध्ये संपलं. पीजचा ट्रान्समीटर मात्र चालू राहिला.

तिथले कार्यक्रम चरोतरच्या, म्हणजे त्या खेडा भागातल्या, बोलीत असायचे. अहमदाबादची शुद्ध गुजराती नाही, तिथल्या शेतात बोलतात ती. गावातली माणसंच कामं करायची. सावकारी, मजुरी, अस्पृश्यता, बायकांवरचे अन्याय, असे विषय. संहिता लिहिण्याआधी माणसं गावात जाऊन राहायची, विचारायची, आणि कार्यक्रम दाखवून झाला की परत जाऊन बघणाऱ्यांना काय कळलं ते विचारायची. जाहिरात एकही नाही. गावाच्या सामाईक सेटसमोर सगळे एकत्र बसायचे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध गोष्ट होती तोही तिथेच बसलेला असायचा. जरा विचार करा त्याचा.

१९८४ मध्ये ह्या प्रयोगाला ग्रामीण संज्ञापनासाठीचं युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. आणि पुढच्याच वर्षी पीजचा ट्रान्समीटर बंद झाला. मोठी केंद्रं, मोठा पल्ला, हे धोरण आलं. माणसांनी विरोध केला होता, पण उपयोग झाला नाही. माझे वडील त्या भागात नोकरीला होते. ते म्हणायचे, "पुरस्कार मिळाला आणि दिवा विझला."

गोदाकाठ

विश्वामित्रीताई, तुमचं वाचून मला आमच्याकडचं आठवलं. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. १९८४ च्या सुमारास देशभर छोटे ट्रान्समीटर धडाधड लागले, तेव्हा आमच्याकडेही आला. अख्खं गाव बघायला गेलं. पण त्या छोट्या ट्रान्समीटरांवर इन्सॅट उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम यायचा. म्हणजे टीव्ही आला आणि त्यात मराठी नव्हतं! पुण्या-मुंबईची पाहुणी मुलं सुट्टीत आली की 'गजरा' आणि 'चिमणराव' सांगायची, आणि आम्ही नुसतं ऐकायचो.

तुम्ही सगळे ज्या कार्यक्रमांच्या आठवणी काढताय, त्यातलं बरंचसं आम्हाला दिसलंच नाही. कापूस आमच्याकडे पिकायचा आणि बोंडअळीचा कार्यक्रम दादरला दिसायचा. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण धाग्यात हेही नोंदलेलं असावं असं वाटतं.

सांजवेळ

गोदाकाठ, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. बोंडअळीचं वाक्य मी कौतुकाने लिहिलं होतं. त्याला ही दुसरी बाजू आहे हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

काळाफळा

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

एकच चॅनल होतं, म्हणून सगळ्यांच्या सगळं कानावर पडलं. त्यात केंद्राचं मोठेपण किती आणि आपली अडचण किती? बऱ्याच संध्याकाळी ते अतिशय कंटाळवाणं होतं. उद्घाटनं, मंत्री, फिती कापणं. आणीबाणीत तर दूरदर्शन सरकारचंच तोंड होतं. त्यानंतर १९७८ मध्ये वर्गीस समितीने स्वायत्ततेचा अहवाल दिला, प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये, आणि तो अंमलात यायला १९९७ उजाडलं. एवढी वर्षं ज्या संस्थेला सरकारपासून सुटता आलं नाही, तिच्याबद्दल लिहिताना हे विसरू नये. माझ्या काकांना आणीबाणीत तुरुंगवास झाला होता. त्यांनी आयुष्यभर दूरदर्शनच्या बातम्या लावल्या नाहीत.

कंदील

काळाफळा, तुमच्या काकांबद्दल आदर आहे आणि बातम्यांबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. मी बातम्यांची बाजू घेणारच नाही.

पण एक बघा. बातम्या वरून यायच्या. 'ज्ञानदीप', 'कामगार विश्व', 'आमची माती' वाले निर्माते मात्र हातात फार थोडं असताना काम करत होते, आणि त्यांनी माणसं शोधून काढली. अभ्यासिकेचा बल्ब कुठल्या मंत्र्याने लावला नव्हता. एकाच इमारतीतून दोन्ही गोष्टी बाहेर पडल्या. एक लिहिताना दुसरी लपवू नये, एवढंच.

काळाफळा

मान्य. आणि खरं सांगायचं तर काका 'प्रतिभा आणि प्रतिमा' बघायचे. बातम्या संपल्या का ते दुसऱ्या खोलीतून विचारायचे आणि मग येऊन बसायचे.

उत्तररात्र

मी काही वर्षं नॉर्वेत आहे. इथल्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो रेल्वेचा पूर्ण प्रवास सलग दाखवला, सात तासांहून अधिक. इंजिनावरचा कॅमेरा, रूळ, बोगदे, बर्फ. २०११ मध्ये किनाऱ्यावरून उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीचा प्रवास १३४ तास थेट दाखवला. लोक किनाऱ्यावर झेंडे घेऊन उभे राहायचे, बोट जाताना हात हलवायचे, आणि ते घरी बसलेले बघायचे. खाजगी वाहिनीला हे सुचलं तरी परवडणार नाही.

आपल्याकडे पंढरीची वारी अशी अखंड, निवेदनाशिवाय दाखवावी असं मला फार वाटतं. पहाटे पालखी उठते तिथपासून रात्री मुक्कामापर्यंत, नुसते पाय आणि टाळ.

मोरपीस

उत्तररात्र, वारीची कल्पना अंगावर काटा आणणारी आहे. सह्याद्रीवर कुणी वाचत असेल तर जरूर विचार करा.

आणि जुनंच सगळं चांगलं होतं असंही नाही. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झाला, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. पडद्यावर फळा आणि शिक्षक नव्हते. घरातली माणसं, मुलं आणि घरात सापडणाऱ्या वस्तू. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या मुलीकडे स्मार्टफोन नव्हता, टीव्ही होता. ती रोज वही घेऊन बसायची. घरात बसलेली तिची आजीही तिच्याबरोबर अपूर्णांक शिकली.

फीतवाला

माझं आयुष्य टेप दुरुस्त करण्यात गेलं (सरकारी नोकरीत नव्हतो, स्वतःचं छोटं दुकान), म्हणून पुसलेल्या टेपबद्दल दोन गोष्टी.

सुरुवातीच्या काळात स्टुडिओत दोन इंच रुंदीची टेप वापरत. एक रीळ उचलायला जड, किंमत भारी. ते पुन्हा वापरणं ही जगभरची रीत होती. बीबीसीनेसुद्धा साठ-सत्तरच्या दशकातले ढीगभर कार्यक्रम असेच घालवले आणि १९७८ च्या आसपास जपायला सुरुवात केली. त्यांचे हरवलेले काही भाग नंतर कुठे सापडले? परदेशातल्या केंद्रांच्या कपाटांत आणि लोकांच्या घरात. काही भागांचा नुसता आवाज उरलाय, कारण एखाद्या मुलाने टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला होता.

म्हणून माझं सांगणं: माळे उघडा. ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी व्हीसीआर आला त्यांनी काही ना काही रेकॉर्ड केलंच असणार. लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी अर्धा तास 'गजरा' सापडू शकतो. कॅसेट मिळाली तर लगेच लावू नका. आधी झडप उचलून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का बघा. असेल तर ती यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पसरते, फीत तुटते ते वेगळंच. मागच्या बाजूचा छोटा प्लास्टिकचा टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. उभी ठेवा, ओलीपासून लांब, स्पीकरपासूनही लांब. एकदाच नीट चालवा आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दर वेळी चालवताना फीत थोडी झिजते. आणि ऑडिओ कॅसेटही टाकू नका.

प्रसार भारती आणि सह्याद्री यूट्यूबवर जुनं काही काही टाकत असतात, तेही बघत राहा.

रानमेवा

फीतवाले काका, फार उपयोगी माहिती. आमच्या माळ्यावर तीन कॅसेट आहेत. बुरशी आहे. हात लावत नाही, तुम्हाला निरोप पाठवतो.

अबोली

बरेच दिवस नुसती वाचत होते. आमच्याकडे कॅसेट नाही, व्हीसीआर कधी नव्हताच. पण 'साप्ताहिकी' कुणाला आठवते का? पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार ते रविवारी सांगायचे. माझे आजोबा मुंबईत एका पेढीवर कारकून होते. ते दर रविवारी वही आणि शिसपेन्सिल घेऊन बसायचे आणि सगळं उतरवून घ्यायचे: वार, वेळ, कार्यक्रम. शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी सिनेमा, कुणाची मुलाखत, कुणाचं गाणं. मग शेजारपाजारचे विचारायला यायचे, "नाना, गुरुवारी काय आहे?"

हा धागा वाचून काल आईला फोन केला. वह्या आहेत. चार. पत्र्याच्या ट्रंकेत, त्यांच्या पेन्शनच्या कागदांखाली.

सांजवेळ

अबोली! अगं, चार वह्या म्हणजे किती आठवडे झाले! टेप गेल्या तरी कधी काय लागलं होतं ते तरी कळेल. फोटो काढशील का सगळ्या पानांचे?

फीतवाला

फ्लॅश नको. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, ऊन थेट पडू देऊ नका. पेन्सिलचं लिखाण चमकतं, त्यामुळे वही थोडी फिरवून बघा, अक्षर कुठून दिसतं ते. पान दाबून सपाट करू नका, शिवण तुटेल. कोरी पानंसुद्धा घ्या, क्रम चुकणार नाही.

अबोली

पहिल्या वहीची अठरा पानं झाली. अक्षर बारीक आहे पण वाचता येतं. सिनेमाचं नाव कळलं नसेल तिथे त्यांनी जागा मोकळी सोडलीय आणि नंतर दुसऱ्या शाईने भरलीय. म्हणजे कुणाला तरी विचारून आले असणार.

विश्वामित्रीताई, तुमच्यासाठी एक. बाराव्या पानावर 'संताकुकडी' लिहिलंय, आणि पुढे कंसात त्यांच्या अक्षरात 'लपंडाव'. नानांना गुजराती येत नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'तळमजल्यावरच्या बेनना विचारलं.'